जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी

पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांत थोरल्याच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला डेस्कटॉप अजून आहे. वर भरतकामाचा रुमाल, आणि बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत अम्मीचा चहा उकळून होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला की सगळे घर त्याच्यावर चिडते. दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले, "सर, आता नवाच घ्या."

आम्ही म्हणतो, आधी दुखणे कुठे आहे ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक सुरू होऊन दहा मिनिटे झाली तरी 'डिस्क'चा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून असेल, तर प्रोसेसर रिकामा बसला आहे आणि हार्ड डिस्क त्याला माहिती पुरवू शकत नाही. 'मेमरी'ही भरलेली दिसली तर रॅमही वाढवा, कारण रॅम कमी पडली की तो भारही डिस्कवरच येतो.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, बहुधा मिनिटाला ७२०० फेरे, आणि एक बारीक हात पुढेमागे सरकत माहिती शोधतो. आयबीएमने १९५६ मध्ये अशी पहिली डिस्क आणली. तिच्या पन्नास तबकड्यांत जेमतेम ५ एमबी मावत! तत्त्व आजही तेच. एक तुकडा शोधायला तिला दहाएक मिलिसेकंद लागतात. एसएसडीत हलणारे काहीच नाही, तिला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात, म्हणून फरक लगेच जाणवतो.

जुन्या यंत्रासाठी अडीच इंची साटा एसएसडी मागा. एम.२ची पट्टी जुन्या मदरबोर्डवर बसेलच असे नाही. दुकानदार "नवे विंडोज टाकून देतो" म्हणाला तर क्लोनिंगच करायला सांगा. त्यात जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल होते. नाहीतर इनपेज आणि जुने मराठी फॉन्ट जातात, आणि उर्दू प्रश्नपत्रिका उघडायच्या कशा? क्लोनिंगआधी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्क कटकट आवाज करत असेल तर हे आजच करा. आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे काम यूपीएस असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

एक गोष्ट एसएसडीने सुधारत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर टायपिंग, मुलांचा अभ्यास, छपाई खुशाल करा. बँकेचे व्यवहार मात्र नकोत.

आणि काढलेली डिस्क दुकानात सोडू नका, ती मागून घरी आणा. तिच्यात निकाहचे फोटो आहेत, घरच्या मुलीबाळींची चित्रे आहेत, सर्वांच्या आधार कार्डाच्या प्रती आहेत. डिलीट केलेले परत काढता येते, क्विक फॉरमॅट केलेलेही. नवी एसएसडी महिनाभर नीट चालली की मग जुनीला पूर्ण फॉरमॅट द्या. त्याला काही तास लागतील, रात्री लावून झोपा.