समुपदेशन हवं, पण कुणाच्या खोलीत?

आमच्या विद्यापीठात समुपदेशन केंद्र आहे. दारावर पाटी आहे आणि पाटीवर 'विद्यार्थ्यांसाठी' असं लिहिलेलं आहे. परीक्षा विभागात बावीस वर्षं काढूनही मी त्या दारातून कधी आत गेले नाही. ते दार आपलं नव्हे, हे पाटीच सांगत होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातली एक वरिष्ठ लिपिक कामावरच कोसळली. निकालाचे दिवस होते. खिडकीशी मुलांची रांग, प्रत्येकाची गुणपत्रिका कुठे ना कुठे अडकलेली, वर पुढाऱ्यांच्या माणसांचे फोन. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरलेल्या नाहीत, त्यामुळे तिघांचं काम तिच्या एकटीकडे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एक दिवस तिने खिडकी लावून घेतली, टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. आम्ही दोघी-तिघी तिच्याजवळ फरशीवर बसून राहिलो. साहेब आले, म्हणाले, "चार दिवस रजा टाकायला सांगा, बरं वाटेल." रजा टाकून बाई घरी काय करते? सासूबाईंचं अंथरूण बदलते.

ती परत आली तेव्हा टेबलावर ज्ञापन होतं. प्रलंबित प्रकरणांबद्दल खुलासा मागितला होता, आणि शेवटची ओळ होती, 'आपण समुपदेशन घ्यावे.' प्रत आस्थापना विभागाला. तिने तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "म्हणजे मी वेडी, असं आता लेखी झालं का गं?"

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या चळवळीत समुपदेशन या शब्दाकडे जरा संशयानेच पाहिलं जातं, आणि त्याला कारणं आहेत. नवऱ्याने मारलं तरी 'जुळवून घे' सांगणारं समुपदेशन आपण पुष्कळ पाहिलं आहे. साहेबाविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही, ही कुजबूज तर कार्यालयात तक्रारीच्या आधी पोहोचते. म्हणूनच ज्ञापनातल्या त्या ओळीची मला भीती वाटते. आज ती काळजीची ओळ दिसते. उद्या बढतीच्या वेळी, किंवा तिने कुणाविरुद्ध तोंड उघडलं तर, तीच पुरावा म्हणून बाहेर निघेल.

पण म्हणून समुपदेशन नकोच, असं मी म्हणणार नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे 'सेहत'ने महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' उभं केलं. तिथे बाईला 'तू बदल' असं सांगत नाहीत. तुझी चूक नाही, इथपासून बोलणं सुरू होतं. म्हणजे हे काम कसं करायचं ते आपल्याला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या आवारात मात्र आपण ते कधी मागितलं नाही. पगारदार बायकांना काय दुःख असणार, असं आपल्यालाही कुठेतरी वाटत असावं.

कायदा अगदीच मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञाचा दाखला जोडून वैद्यकीय रजेचा अर्ज दिला, की तो आवक-जावकपासून आस्थापनेपर्यंत टेबलं फिरतो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याची चर्चा असते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि शिक्षक-शिक्षकेतर सर्वांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, हे त्यांपैकी. निर्देश चांगलेच आहेत, मुलं जगली पाहिजेत. पण त्या प्रशिक्षणात आम्ही आहोत ते दुसऱ्याचं दुःख ओळखणारे म्हणून. आमचं कोण ओळखणार?

आम्हाला मिळतं ते महिला दिनाचं तणावमुक्तीवरचं व्याख्यान. हळदीकुंकवाच्या वाणासारखं, वर्षातून एकदा.

संघटनेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बाई, आधी रिक्त जागा भरा म्हणा, समुपदेशन कसलं मागता?" त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. माणसं भरली तर निम्मी रडारड थांबेल, आणि समुपदेशक नेमून प्रशासनाने भरतीतून सुटका करून घेऊ नये. पण भरती होईपर्यंत टेबलाखाली बसलेल्या बाईला काय सांगायचं? १४४१६ हा टेलिमानसचा फोन मोफत आहे, चोवीस तास आहे, तो मी तिला दिला. पण घरी सगळ्यांच्या कानांवर पडेल आणि कार्यालयात शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल, तर फोन करायचा कुठून?

म्हणून समुपदेशक बाहेरची हवी, कुलसचिवांच्या हाताखालची नको. तिच्याकडे जाणं कामाच्या वेळेत आणि कर्तव्यावर धरलेलं असावं. प्रशासनाला फार तर किती जण आले एवढा आकडा कळावा, नाव नाही. आणि दार सर्वांना उघडं हवं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींना तास बुडाला की त्याचे पैसे बुडतात, त्यांची गोष्ट आमच्याहून बिकट आहे. ठेकेदाराकडून येणाऱ्या सफाईच्या बायका तर विद्यापीठाच्या 'कर्मचारी' या शब्दातच बसत नाहीत. त्यांना वगळून केंद्र निघणार असेल, तर ते पुन्हा पाटीचंच राजकारण झालं.

सध्या आम्ही गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसतो. कधी चौघी, कधी नऊ जणी. कुणी बोलतं, कुणी नुसतं जेवतं. ज्ञापनातली ती शेवटची ओळ रद्द करावी, असा अर्ज आम्ही अकरा जणींनी सह्या करून दिला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अजून नाही.