गुडघ्यांवरचा अदृश्य कर

मीरा-भाईंदरला महानगरपालिका २००२ साली मिळाली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांचे ते गाव त्याआधीच झाले होते. येथील कारकून वा शिक्षक रोज रेल्वेचे पूल चढतो-उतरतो आणि गुडघा दुखू लागला की वयाला दोष देतो. वयाचा वाटा आहेच; पण निदान तेथे संपत नाही.

पाऊल टेकताच जमिनीची प्रतिक्रिया पायातून वर चढते. चालताना तिची रेषा गुडघ्याच्या आतल्या अंगाने जाते. म्हणून तेथील कूर्चेवर अधिक भार येतो. सपाटीवर गुडघा शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार पेलतो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ६० किलो वजनाच्या माणसाला पायरीमागे २०० किलोंहून अधिक!

वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू बळकट करणे, झिजलेली चप्पल बदलणे हे ज्याचे त्याने करावे. परंतु पदपथ उंचसखल असेल, सरकता जिना बंद असेल, तर त्यावर व्यक्तीपाशी उपाय नाही. पालिकेने व रेल्वेने तेथे वाचविलेला पैसा ही बचत नव्हे. तो खर्च नागरिकाच्या गुडघ्यांकडून वसूल होतो. अंदाजपत्रकात त्याची नोंद नसते, एवढेच.