दिल्लीचं शिवार जवळच आहे, पायी बाहेर पडा

दिल्लीत येऊन तीन-चार वर्षं झालेल्या मराठी माणसाला विचारा, इथे काय काय पाहिलंत? लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अक्षरधाम, एकदा आग्रा, एकदा मथुरा-वृंदावन. गावाकडून पाहुणे आले की हीच फेरी पुन्हा. राजेंद्रनगरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लातूर-नांदेडची मुलं, सोनं गाळायच्या धंद्यात इथे स्थिरावलेले खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत नोकरीला आलेली पुण्या-नागपूरकडची जोडपी, सरकारी वसाहतींत राहणारी कुटुंबं, या सगळ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. महिन्यातून निदान एका रविवारी सकाळी दिल्लीच्या कडेच्या रानात आणि शिवारात पायी हिंडून या.

‘इथे कुठे डोंगर?’ असं लगेच ऐकू येतं. राजगड-हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला इथल्या टेकड्या किरकोळ वाटणारच. पण अरवली ही जगातल्या फार जुन्या पर्वतरांगांपैकी एक. झिजत झिजत ती गुरुग्राम-फरिदाबादकडून दिल्लीत शिरते आणि उत्तरेला वजीराबादजवळ यमुनेच्या काठी संपते. या शेवटच्या टोकालाच दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. चढ फारसा नाही, म्हणूनच ही चाल कुणालाही जमते. सत्तरीतल्या आजी आणि सात वर्षांचा नातू एकत्र चालू शकतील अशा वाटा इतक्या मोठ्या शहराला लागून आहेत, हे भाग्य आहे.

सुरुवात उत्तर रिजपासून करा. मुखर्जीनगरला राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तर ते दाराशीच आहे. विश्वविद्यालय मेट्रो स्टेशनला उतरायचं, विद्यापीठाच्या मागच्या बाजूने फ्लॅगस्टाफ टॉवरपाशी यायचं आणि दक्षिणेकडे चालू लागायचं. रमतगमत गेलात तरी तास-दीड तासाची वाट आहे. वाटेत चौबुर्जी मशीद लागते, पुढे फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला अशोकस्तंभ, आणि शेवटी 1857 चं स्मारक. तिथून पुलबंगश मेट्रो जवळ.

या वाटेवर हिंदुराव रुग्णालय लागतं. ते नाव कुणाचं, हे दिल्लीत जन्म काढलेल्या मराठी माणसांनाही बहुधा ठाऊक नसतं. कागलच्या सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, तो हा हिंदुराव. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा 1835 मध्ये खून झाल्यावर रिजवरचा त्याचा बंगला हिंदुरावांनी घेतला. 1857 मध्ये याच बंगल्याभोवती इंग्रजांनी मोर्चा धरला होता. पुढे तिथे रुग्णालय झालं, आणि नाव राहिलं. कोल्हापूरकडच्या वाचकांनी मुलांना घेऊन एकदा तरी इथे यावं. याच वाटेच्या उत्तरेला, नदीकाठी, बुराडी आहे. 10 जानेवारी 1760 ला दत्ताजी शिंदे तिथेच पडले. आज तिथे दाट वस्ती आहे, पण रिजवर उभं राहून त्या दिशेला पाहताना इतिहासाच्या पुस्तकातलं ते पान वेगळं कळतं.

उत्तर रिजवर माकडं फार आहेत. त्यांना केळी, चणे घालू नका आणि हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका. शनिवारी-मंगळवारी गाड्या थांबवून पुण्य म्हणून माकडांना खाऊ घालणाऱ्या लोकांमुळेच ती माणसांच्या अंगावर यायला शिकली आहेत.

आता हंगामाचं बोलू, कारण इथे चूक झाली तर फिरणं अंगाशी येतं. महाराष्ट्रात हिवाळा म्हणजे भटकंती. दिल्लीत दिवाळीपासून जानेवारीपर्यंत हवेचा भरवसा नाही. सकाळी उठून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहा. 200 च्या वर असेल तर लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना नेऊ नका. 300 च्या वर असेल तर कुणीच जाऊ नका, घरी बसा. दाट धुकं असेल तर गाडी काढूच नका. खरे चालण्याचे दिवस वर्षातून दोनदा येतात. पहिले, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंतचे, जेव्हा काटेसावर लाल फुलांनी भरते आणि मागोमाग पळस पेटतो. दुसरे, पावसाळ्याचे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन सरी झाल्या की आठ दिवसांत अरवली हिरवी होते, मोर ओरडत असतात, हवा धुऊन निघालेली असते. दमट असतं, घाम येतो, तरी दिल्लीची सर्वांत स्वच्छ हवा याच दिवसांत मिळते. मे-जूनमध्ये पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत परत.

दक्षिण दिल्लीत राहणाऱ्यांना कुतुबमिनार मेट्रोपासून मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे. 1506 ची राजों की बावली, जमाली-कमालीची मशीद, बलबनाची कबर, सगळं झाडीत. शेजारच्या संजय वनात जुन्या लालकोटाची तटबंदी आहे, पण तिथे एकट्याने जाऊ नका, तिन्हीसांजेला तर नाहीच. असोला-भाटीचं अभयारण्यही पाहण्यासारखं आहे. भाटीत पूर्वी लाल बदरपूर वाळूच्या खाणी होत्या. त्या बंद झाल्यावर खड्ड्यांत पाणी साचून निळे तलाव झाले. ते दिसायला सुंदर आहेत आणि अत्यंत घातक आहेत. काठ एकदम तुटलेला आहे, खोलीचा अंदाज येत नाही, पोरं बुडाली आहेत. पाण्यात उतरायचं नाही, म्हणजे नाही.

आणि मग मांगर बनी. दिल्लीतल्या मराठी माणसाने आयुष्यात एकच रान पाहायचं ठरवलं तर ते हे पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावरून आत मांगर गाव आहे, आणि गावाच्या अंगाला एका दरीत ही बनी. आपल्याकडच्या देवराईसारखीच ती देवाची राखीव. गुदडिया दास बाबा नावाचे साधू इथल्या गुहेत तपाला बसले आणि तिथेच अंतर्धान पावले, अशी आसपासच्या गुज्जर गावांची श्रद्धा. बाबांच्या रानातली फांदी तोडायची नाही, वाळलेलं लाकूडही न्यायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. या एका धाकावर पिढ्यानपिढ्या जंगल टिकलं.

दिल्लीच्या बाकी रिजवर सगळीकडे विलायती कीकर दिसतो, म्हणजे आपली वेडी बाभूळ. इंग्रजांच्या काळात ती लावली आणि तिने बाकीचं सगळं रान गिळलं. मांगरच्या कड्यावरून खाली पाहिलं की तो फरक डोळ्यांनी कळतो. खाली सलग पसरलेलं आहे ते धौचं जंगल, धावड्याच्याच कुळातलं झाड. पान नखाएवढं, फांद्या खाली झुकलेल्या, खोड खडकाच्या फटीतून निघालेलं. थंडीत ही पानं तांबूस होतात आणि पाऊस पडला की पुन्हा कोवळी हिरवी. हे झाड मुळांतून फुटवे काढत फार हळू पसरतं, म्हणून एकदा तोडलेलं धौचं रान माणसाच्या हयातीत परत उभं राहत नाही. कडेने सालई, हिवर, खैर, नेपती. मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला यातली निम्मी झाडं घरची वाटतील.

इथे मात्र पाहुण्यासारखं जा. गावात थांबा, मंदिरापाशी विचारा, गावातलाच कुणी वाट दाखवायला बरोबर घ्या आणि त्याचे पैसे न मागता द्या. समोर म्हातारा माणूस दिसला तर ‘राम राम ताऊ’ म्हणा. हरियाणवी बोली कानाला दांडगी वाटते, मनाने माणसं मोकळी आहेत. गावाच्या कडेला बिटोडे दिसतील, गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेले, लिंपणावर बायकांनी बोटांनी काढलेली नक्षी असलेले. फोटो काढण्याआधी घरच्या बाईला विचारा. आणि मोहरीच्या पिवळ्या शेतात शिरून फोटो काढणं कृपा करून बंद करा. तुमच्या चार पावलांखाली कुणाचं तेलाचं पीक आडवं होतं.

मांगरला जाताना बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर लागतो. गुरुग्राम आणि फरिदाबाद या दोन शहरांचा कचरा तिथे अरवलीच्याच अंगावर साचला आहे. मुलांना तोही दाखवा, गाडीच्या काचा वर करून पुढे काढू नका. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद-गुरुग्राम-मेवातच्या अरवलीतल्या खाणी बंद केल्या आणि 2016 मध्ये हरियाणा सरकारने बनीत बांधकामबंदी ठरवली, म्हणून आज पाहायला तरी काही आहे. पण भोवतालच्या गावांच्या सामाईक शामलात जमिनी गेल्या शतकातच वाटल्या जाऊन खासगी नावांवर चढल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ गावाबाहेरच्यांनी विकत घेतल्या. कुंपणं घातली गेली की गुराख्याची वाट पहिल्यांदा बंद होते.

अशा वाटा राखण्याचं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे खेड्यापाड्यांतून, शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या पायवाटा कायद्याने सार्वजनिक आहेत. शेत कुणाचंही असो, वाट लोकांची. 1949 च्या कायद्याने त्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि लोक एखाद्या वाटेवरून वीस वर्षं विनाअडथळा, हक्काने चालत आले असतील तर ती सर्वांची झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. तिथला रविवारचा चालणारा माणूस नुसता फिरत नाही, तो वाट राखतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाने दुसरी बाजू दाखवली आहे. तीही जागा आधी दगडखाणच होती. 2010 पासून नागरिकांनी तिथे अरवलीची मूळ झाडं लावली, सांभाळली, आणि 2022 मध्ये अभयारण्याबाहेरचं संवर्धनक्षेत्र म्हणून जाहीर झालेली ती देशातली पहिली जागा ठरली. ज्या जागेवर रोज शेकडो पावलं पडतात, तिच्यासाठी भांडायला माणसं मिळतात.

पक्ष्यांची आवड असेल तर गुरुग्रामजवळचं सुलतानपूरचं तळं. पक्षीनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिलं, त्यातून हे तळं वाचलं. 2021 मध्ये ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, आजी-आजोबांना उत्तम. मंगळवारी बंद असतं, आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांतही, हे निघण्याआधी पाहून घ्या. नोएडाकरांना धनौरीचं पाणथळ जवळ पडेल. तिथे शेतात सारसांची जोडी उभी दिसते, माणसाच्या उंचीची. गोंदियाकडच्या वाचकांना सारस वेगळा सांगायला नको.

सामान थोडंच लागतं. जाड तळाचे बूट, काटे लागू नयेत म्हणून पूर्ण पॅंट, दोन लिटर पाणी, पोळी-भाजीचा डबा, टोपी. चारजणांपेक्षा कमी असाल तर रानात खोल जाऊ नका, कुठे चाललोय ते घरी सांगून ठेवा. डब्याचा कागद, मुलांच्या वेफर्सची पाकिटं, सगळं परत घरी. रविवारी मेट्रो जरा उशिरा सुरू होते, तेही धरून चला.

आपली मंडळं गणपती करतात, दिवाळी पहाट करतात, कोजागरी करतात. माझी दिल्लीतल्या प्रत्येक मराठी मंडळाला विनंती आहे, वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत चार रविवारच्या चाली घाला. एक फेब्रुवारीत, एक मार्चमध्ये, दोन पावसाळ्यात. राजेंद्रनगरच्या खोल्यांतल्या पोरांना आवर्जून बोलवा, त्यांच्यासाठी डबा जास्तीचा घ्या. पहिली चाल उत्तर रिजवर ठेवा.