पापणीचे दुखणे

नेत्रविकार म्हटला की आपल्या मनात मोतीबिंदू आणि चष्मा एवढेच येते. पापणी मात्र रूपाच्या खात्यात जमा होते. ती लोंबली तर घरात काळजी वाटते ती दिसण्याची; मुलगी असेल तर लग्नाची. दृष्टीचा विचार कोणी करीत नाही.

आपल्या पूर्वाचार्यांनी तो केला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांपैकी २१ पापणीचे. पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासतात, त्या ‘पक्ष्मकोपा’वर पापणीच्या त्वचेचा जवाएवढा तुकडा काढून केसाने टाके घालावेत, असे तेथे सांगितले आहे. वळलेली कड पुन्हा बाहेर आणावयाची, हे तत्त्व आजही कायम आहे.

उत्तरेकडील आपल्या पिढ्यांना हा विकार खुपऱ्यांमुळे, म्हणजे येथील ‘रोह्यां’मुळे, परिचित आहे. त्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील ही सार्वजनिक समस्या संपल्याचे जाहीर केले. तथापि जुन्या व्रणांनी आक्रसलेल्या पापण्या अनेक वृद्धांना आजही छळतात. चिमट्याने उपटलेला केस पुन्हा उगवतो आणि बुबुळावर ओरखडे पडतच राहतात.

फूलबागेत संध्याकाळी फिरावयास येणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे जरा पाहावे. कोणाची खालची पापणी बाहेर वळलेली असते आणि रुमाल सदैव डोळ्याशी असतो. कोणाच्या वरच्या पापणीची सैल त्वचा दृष्टीवर पडद्यासारखी उतरलेली असते. ‘वयच झाले’ म्हणून हे सोसण्याचे कारण नाही. अशा शस्त्रक्रिया बहुधा तेवढीच जागा बधिर करून होतात.

बालकांच्या बाबतीत मात्र विलंब घातक ठरतो. वर्गात एखादा विद्यार्थी हनुवटी उचलून, भुवया ताणून फळ्याकडे पाहतो. शिक्षकांना तो उर्मट वाटतो, सोबती त्याला ‘झोपाळू’ म्हणतात. वस्तुतः त्याची पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुर्बळ असतो. पापणीने बुबुळ झाकले तर मेंदू त्या डोळ्याने पाहण्यास शिकतच नाही. आणि हे शिकण्याचे वय पहिल्या सात-आठ वर्षांत बहुतांशी सरते. पुढे पापणी उचलली तरी गेलेली दृष्टी सहसा परतत नाही. शल्यचिकित्सक तो स्नायू आखूड करतात. तो फारच दुबळा असल्यास पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. शस्त्रक्रिया केव्हा करावी हे तज्ज्ञ ठरवतील. परंतु तपासणी तान्हेपणीच व्हावी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पापणी अकस्मात पडली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या अथवा डोके तीव्र दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच रांजणवाडी एकाच जागी वारंवार होत असेल किंवा तेथील केस झडत असतील, तर तिची तपासणी अवश्य करून घ्यावी. क्वचित तो कर्करोग असतो.

रूपासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटत असेल, तर वाटो. दृष्टीसाठी जाण्यात कसला संकोच?