तेराव्या बाबीचे तेरावे

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतली तेरावी बाब बंगळूरच्या पाचही महापालिकांच्या आयुक्तांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी. शहराच्या सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हे नगरपालिकेचे काम, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. 1 जून 1993 पासून ते देशात लागू आहे. या बाबीच्या लगेच खाली, चौदाव्या क्रमांकावर, स्मशाने येतात आणि त्याखाली कोंडवाडे. आमच्या कारभाऱ्यांनी तेरावी बाब बिनबोभाट चौदावीच्या हवाली केली आहे!

मग संस्कृतीच्या नावाने या शहरात पैसा खर्चच होत नाही काय? होतो की! नोव्हेंबर उजाडला की चौकाचौकांत मांडव चढतात, ऑर्केस्ट्रा येतो, भल्यामोठ्या फलकावरून आमदारसाहेब हात जोडतात आणि निम्मी रात्र सत्कारात जाते. म्हैसूर पेटा, शाल, चंदनाचा हार, फळांची परडी. एकाचा झाला की दुसऱ्याचा. दहाला साऊंड बंद करायचा, म्हणून महिनाभर तालीम केलेल्या गल्लीतल्या पोरांना पावणेदहाला मंचावर ढकलले जाते आणि बजावले जाते, ‘पटकन आटपा.’ हा खर्च संस्कृतीच्या खात्यावर मांडणाऱ्याला लाज कशी वाटत नाही? हा पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवरचा खर्च आहे.

जाब विचारावा तर कुणाला? जुन्या महापालिकेच्या 198 नगरसेवकांची मुदत 10 सप्टेंबर 2020 रोजी संपली. त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी नवे सभागृह आले नाही. मधल्या काळात महापालिकेचे पाच तुकडे झाले, प्रभागांची संख्या 369 वर गेली, नकाशे रंगले. आपल्या पेठेतल्या नाटकाला हॉलचे भाडे कोण देणार, हे मात्र त्या नकाशांत कुठेच सापडत नाही.

सरकारी पैसा येतो तेव्हाही कसा येतो ते पाहा. नोव्हेंबर 2020 मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केले आणि 50 कोटींचा आकडा सांगितला. लगेच कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला राज्यभर बंद पुकारला. मग हे मंडळ मराठी भाषेसाठी नसून राज्यातल्या मराठा समाजासाठी आहे, असे सरकार सांगत सुटले. गरीब मराठ्याच्या मुलाला शिक्षणासाठी मदत मिळू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण पैसा जातीच्या नावाने पुकारला की शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागतो. पुकारणाऱ्याला त्याची फिकीर नसते. त्याचा हिशेब मतपेटीपाशी संपतो.

वेगळी वाट याच शहरात आहे, आणि ती सरकारने काढलेली नाही. ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था 1993 मध्ये बंगळुरात उभी राहिली आणि 1995 पासून देशभर अनुदाने देते आहे. 2014 मध्ये तिने ‘प्रोजेक्ट 560’ सुरू केला. बंगळूरचा पिनकोड 560 ने सुरू होतो, त्यावरून हे नाव. कलावंतांनी, अभ्यासकांनी, रहिवाशांनी या शहराच्या वस्त्यांशीच नाते जोडून काही घडवावे, यासाठी ही अनुदाने आहेत. अर्जदाराची जात कोणती याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तुम्ही कोणत्या वस्तीत काय करणार, एवढाच सवाल. एका खासगी संस्थेच्या तिजोरीला मर्यादा असणारच. पण जे तिला सुचले ते करवसुली करणाऱ्या पाच महापालिकांना का सुचू नये?

दिल्लीकडे जावे तर तिथे सांस्कृतिक मंत्रालयाची कार्यक्रम-अनुदान योजना आहे, साधारण 5 लाखांपर्यंत पैसे देणारी. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, जुनी हवी, लेखापरीक्षित ताळेबंद हवेत, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र हवे. कंपन्यांकडे जावे तर 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजासाठी खर्चण्याचे बंधन आहे, आणि त्यात कला-संस्कृती बसते. बंगळूर तर कंपन्यांची राजधानीच! पण एप्रिल 2021 पासून तो पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा तिची सरकारदरबारी वेगळी नोंदणी लागते. तमटे वाजवणाऱ्या पथकाने आणि भजनाला बसणाऱ्या बायकांनी आधी सीए गाठायचा आणि मग टाळ हातात घ्यायचे, असा हा न्याय आहे. हिशेब हवाच, आम्ही तो दामदुपटीने मागू. पण ज्यांच्या घामातून संस्कृती उभी राहते त्यांनाच दाराबाहेर ठेवणारा नियम हिशेबासाठी नसतो, तो साहेबांच्या सोयीसाठी असतो.

एकत्र येण्याचे धडे या शहराला नव्याने द्यायला नकोत. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी बारा भाषांत रचना करी. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाड्यांनी 1922 मध्ये छापून आणले. सतराव्या शतकातल्या एका जहागिरदाराला जे औदार्य होते ते आजच्या लोकनियुक्तांना परवडत नाही! आणि करगा? तिगळ समाजाचा हा उत्सव धर्मराय स्वामींच्या देवळातून निघतो आणि तवक्कल मस्तान दर्ग्यात थांबून पुढे जातो. ती वाट कुठल्या योजनेने आखून दिलेली नाही.

आता आमच्या घरात पाहू, कारण सरकारवर आसूड ओढून मोकळे होणे सोपे असते. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाने शंभरी ओलांडली. इतक्या वर्षांत बंगळूरचे मराठी लोक एकमेकांना तरी भेटले काय? जुन्या पेठांतले भावसार आणि नामदेव शिंपी एकीकडे, विटा-आटपाडीकडून येऊन सोने गाळणारे गलाईवाले दुसरीकडे, तंजावरी मराठी बोलणारी घराणी तिसरीकडे आणि व्हाइटफिल्डच्या टॉवरमधले पुण्याचे संगणक अभियंते चौथीकडे. गलाईवाल्याचा मुलगा कधी कुठल्या एकांकिकेत दिसला आहे? मंडळे गणपतीत पुण्याहून नामवंत गायक बोलावतात, विमानाचे भाडे आणि भरघोस बिदागी देतात, फराळ होतो, फोटो निघतात. मंडपाच्या भिंतीपलीकडच्या कन्नड, तमीळ, दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याला त्यातले कर्ण्यावरून येईल तेवढेच मिळते. असल्या बंद दाराआडच्या गाण्याला सार्वजनिक पैसा मागण्याचा आम्हांला कसला हक्क? 1893 नंतर जो उत्सव घरातून रस्त्यावर आणला गेला, तो आम्ही वातानुकूलित हॉलमध्ये परत नेऊन कोंडला.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. 369 प्रभागांना दर वर्षी 5-5 लाख द्या. एकूण 18 कोटी 45 लाख होतात. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड भुयारी रस्त्यासाठी 17 हजार कोटींहून अधिक रकमेची तयारी आहे; त्याचा जेमतेम हजारावा हिस्सा संस्कृतीला द्यायला हात का आखडतो? पैसा एका समाजाच्या संस्थेला एकटीला मिळू नये. वेगवेगळ्या भाषांच्या निदान दोन गटांनी मिळून अर्ज करावा, मग ते ढोल-ताशाचे पथक आणि तमटेवाले असोत की भावसारांचे भजनी मंडळ आणि शेजारची हरिदासांची पदे गाणारी मंडळी. निम्मी रक्कम आधी हातात पडावी, कारण उधारीवर तालीम होत नाही. तालमीचा रोज कलावंताला मिळालाच पाहिजे. पालिकेच्या शाळा संध्याकाळी तालमींना उघडाव्यात. निवडीच्या समितीत पुढारी नको, फलकावर त्याचा फोटो नको, आणि खर्चाचा पै-पैचा कागद प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर कन्नडमध्ये आणि अर्जदारांच्या भाषांत चिकटवलेला हवा.

हे स्वप्नरंजन म्हणणाऱ्यांनी ब्राझीलकडे पाहावे. 2004 मध्ये, गायक जिल्बेर्तो जिल सांस्कृतिक मंत्री असताना, तिथल्या सरकारने नव्या इमारती बांधण्यापेक्षा वस्त्यांत आधीच चाललेल्या नाच-गाण्याच्या, नाटकाच्या अड्ड्यांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. हिशेबाच्या कागदांखाली तिथलेही छोटे गट गुदमरले. 2014 मध्ये कायदा करून ती पद्धत सोपी करावी लागली. आपण ती ठेच न लागताच शिकू शकतो. खुद्द पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवू लागले. रस्ता आणि दिवा सुचवता येतो, तर नाटक का नाही?

मंडळांनी येत्या गणपतीच्या पावतीपुस्तकांची छपाई थांबवावी आणि आधी शेजारच्या कन्नड संघाचे दार ठोठावावे. संयुक्त अर्ज लिहून तो आपल्या महापालिकेच्या आयुक्तांच्या टेबलावर ठेवावा, पोच घ्यावी. तो नाकारला तर कोणत्या नियमाने नाकारला हे माहिती अधिकारात मागावे. आणि मते मागायला जो कोणी दारात येईल त्याला चहा देण्याआधी विचारावे: आमच्या वॉर्डाचे 5 लाख कधी देता?