मुठीपासून चिमटीपर्यंत

‘नातू साडेतीन वर्षांचा झाला, तरी पेन्सिल धड धरत नाही. शाळेतून चिठ्ठी आली आहे. एखादे टॉनिक लिहून द्या.’ दवाखान्यात येणारे आजी-आजोबा ही विनंती वरचेवर करतात. बोटांचे टॉनिक बाटलीत मिळत नाही. ते बहुधा आपल्याच स्वयंपाकघरात असते, आणि ते देण्यासाठी घरात सर्वांत योग्य माणसे आपणच असता, कारण आई-वडील कामावर गेल्यानंतरचा दिवस आपल्या हाती असतो.

आपल्या भाषेने हाताची मापे फार नेमकी करून ठेवली आहेत: मूठभर, पसाभर, चिमूटभर. बाळाच्या हाताचा प्रवासही मुठीकडून चिमटीकडे होतो. नवजात बाळाच्या तळव्यात आपण बोट ठेवले की मूठ घट्ट मिटते. ती त्याची इच्छा नसते, प्रतिक्षिप्त क्रिया असते, आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ती मावळते. मग बाळ समोरची वस्तू आपणहून सबंध पंजाने ओढून घेऊ लागते. नऊ महिन्यांपासून वर्षाच्या आत अंगठा आणि तर्जनी जुळू लागतात, आणि केरसुणीला न सापडलेला भाताचा दाणा बाळाला अचूक सापडतो. पुढे पेन्सिल, बटण, सुई, नाडी ही सारी त्या चिमटीचीच कामे.

परंतु या प्रवासाला वेळ लागतो. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः त्यांच्या जागी केवळ मऊ कूर्चा असते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस क्ष-किरण चित्रात त्यांपैकी साधारण दोनच दिसतात, आणि सातवे दिसायला सहा-सात वर्षे उलटावी लागतात. रेषांचेही तसेच आहे. मूल तीन वर्षांच्या सुमारास पाहून गोल काढते, चारच्या सुमारास अधिकचे चिन्ह, आणि त्रिकोण जमायला बहुधा पाचवे वर्ष लागते. ज्याला त्रिकोणाची तिरपी रेघ अजून साधत नाही, त्याच्याकडून ‘अ’ आणि ‘क’ने वहीची पाने भरून घेणे हा निव्वळ जुलूम आहे. शाळेतून चिठ्ठी आली म्हणून त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेऊ नका.

मग करावे काय? एक गोष्ट लक्षात घ्यावी. बोटांमध्ये स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे हलविणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात आणि कंडरांच्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. म्हणून मुलाचा हात तयार करायचा तर आधी सबंध हाताला काम हवे: ओले फडके पिळणे, लहान तांब्याने कुंडीला पाणी घालणे, पोळपाटावर लाटणे फिरविणे. आपण पोळ्या करीत असाल तर कणकेचा एक गोळा त्याच्या वाट्याला द्या. त्याने तो मळावा, चेपावा, त्याचे साप करावेत, वाटोळ्या गोळ्या कराव्यात. लाटलेली पोळी कोणत्याही आकाराची झाली तरी ती भाजून त्याच्या ताटात वाढा. कच्ची कणीक मात्र तोंडात जाऊ देऊ नका.

बोटांच्या टोकांसाठी आजींकडे एक उत्तम विद्या आहे, ती म्हणजे वाती वळणे. कापूस पिंजायचा, चिमटीत धरायचा आणि बोटांवर फिरवून पीळ द्यायचा. चार वर्षांच्या मुलाच्या वाती जाड्याभरड्या होतील. देवाला त्या चालतात. रांगोळीची चिमूट तर पेन्सिलच्या पकडीची सख्खी बहीण. बाजारातील रांगोळी डोळ्यांत किंवा तोंडात जाण्याची भीती असते, म्हणून तांदळाचे पीठ वापरावे. मेथी निवडणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती कालवणे यांतले काहीही चालेल. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा महागडी परदेशी साधने न आणता भोवतालचे दगडगोटे, शिंपले, पाने, बिया यांचाच उपयोग केला होता. आज डब्यात मिळणारी ‘शैक्षणिक खेळणी’ पाहिली की मला त्यांची हटकून आठवण होते.

मोबाइलचा येथे उपयोग नाही. काचेवर बोट फिरते, पण बोटाला ना वजन कळते ना खरखरीतपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या सूचनेनुसार एक वर्षाखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको.

आता धोक्याचे. चिमूट जमली की ती थेट तोंडाकडे जाते. पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा, चणा किंवा फुटाणा खायला देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. मटार सोलणे, कडधान्ये निवडणे हे खेळ तीन वर्षांनंतर आणि आपण समोर बसूनच. मध्येच दूरध्वनी वाजला तर आधी वाटी उचला. घड्याळातील, रिमोटमधील चपटा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. अशा वेळी उलटी करवू नये, घशात बोट घालू नये, वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि आपल्या उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा? जी चिमूट वात वळते ती त्या डब्याचे झाकणही उघडते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांतली एकच लहान मुलाची रक्तशर्करा जीवघेणी खाली आणू शकते. डबा कुलपात ठेवा, उंच फळीवर नव्हे. मुले खुर्ची ओढून चढतात.

आपली बोटे आखडलेली असतील, गुडघ्यांमुळे खाली बसवत नसेल, तरी मागे राहू नका. आपण खुर्चीवर, मूल पाटावर, मध्ये परात. आपला हात सावकाश चालतो, म्हणूनच मुलाला तो नीट पाहता येतो. सदऱ्याची बटणे त्याची त्याला लावू द्या. दहा मिनिटे लागतील. शाळेच्या घाईत नव्हे, संध्याकाळी करा.

काही लक्षणे मात्र खेळाने सुटणारी नसतात. तीन-चार महिन्यांनंतरही बाळाच्या मुठी सतत आवळलेल्या असणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे आणि दुसरा अंगाशी धरून ठेवणे, वर्ष झाले तरी चिमटीत वस्तू न येणे, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरू लागणे. वर्षाच्या आत बाळ ‘डावखुरे’ दिसले तर कौतुक करीत बसू नये, दुसऱ्या हाताची तपासणी करवून घ्यावी. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज पडल्यास ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत आणि तेथील तपासणी विनामूल्य असते. जाताना मूल कोणत्या महिन्यात बसले, चालले, पहिली वस्तू चिमटीत कधी धरली हे कागदावर लिहून न्यावे. घरात ते आपल्यालाच सर्वांत नेमके आठवत असते.