दुखऱ्या खांद्यानें पुन्हां वजन उचलावें काय ?

ज्याची कंबर एकदां धरली, ज्याचा खांदा एकदां निखळला अथवा ज्याचा गुडघा एकदां दुखावला, त्या मनुष्याविषयीं आपल्या लोकांत दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, त्यानें जन्मभर जड वस्तूस हात लावूं नये. दुसरें मत असें कीं, थोडें दुखतें म्हणून बसून राहणें हा नेभळटपणा होय, आणि पूर्वीं जेवढें वजन उचलीत असे तेवढें त्यानें दांतओठ खाऊन उचललेंच पाहिजे. पहिलें मत बहुधा आजीचें असतें व दुसरें तालमींतल्या सोबत्यांचें. आमच्या समजुतीप्रमाणें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. आणि हा विषय केवळ पहिलवानांचा नसून आमच्या शाळेंतील बहुतेक घरांचा आहे, म्हणून तो विद्यार्थी व पालक ह्या उभयतांपुढें मांडीत आहों.

ग्रीक लोकांत मायलो नांवाच्या मल्लाची एक जुनी गोष्ट आहे. तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत दक्षिण इटलींतील क्रोटॉन नगरांत होऊन गेला. तो दररोज एक वांसरूं खांद्यावर घेऊन चालत असे. वांसरूं वाढत गेलें तसें त्याचें बळहि वाढत गेलें, आणि अखेरीस तो पुरा वाढलेला बैल उचलूं लागला, असें सांगतात. गोष्ट चांगली आहे, परंतु ती अर्ध्यावरच थांबते. मध्येंच मायलोचा खांदा दुखावला असता तर त्यानें काय करावयाचें होतें ? बैल कांहीं पुन्हां लहान होत नाहीं. अशा वेळीं बैल खालीं ठेवून गोठ्यांतून दुसरें वांसरूं आणणें हाच एक मार्ग उरतो. मग तें वांसरूं कितीहि लहान असो. बहुतेक माणसांचें जें अडतें तें येथेंच अडतें. बैल उचलणाऱ्यास वांसरूं उचलतांना लाज वाटते.

ह्या दुसऱ्या वांसराचा नीट हिशेब घालण्याचें श्रेय टॉमस डिलॉर्म ह्या अमेरिकन डॉक्टरास आहे. तरुणपणीं र्‍हुमॅटिक ज्वरानें तो अंथरुणास खिळला होता; उठल्यावर वजनें उचलून त्यानें आपली शक्ति परत मिळविली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयांत नेमला गेला. तेथें गुडघे दुखावलेल्या सैनिकांची गर्दी झाली होती, आणि महिनेच्या महिने लोटले तरी त्यांच्या मांड्या भरून येत नव्हत्या. त्या काळची रीत अशी कीं, दुखऱ्या अवयवास अगदीं हलका व्यायाम पुष्कळ वेळां द्यावा. डिलॉर्मनें ती रीत उलटी केली. त्यानें रुग्णाच्या पायांत लोखंडी बूट बांधला, त्यास वजनें अडकविलीं, आणि थोड्याच वेळां पण जड वजनानें पाय सरळ करावयास लावला. पाय भरूं लागले. १९४५ सालीं त्यानें आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि १९४८ सालीं वॉटकिन्स ह्या सहकाऱ्याबरोबर त्या पद्धतीस सुटसुटीत रूप दिलें.

ती पद्धति इतकी सोपी आहे कीं आमच्या पांचवीच्या मुलासहि करतां यावी. जें वजन लागोपाठ दहा वेळां उचलतां येतें पण अकराव्या वेळीं उचलवत नाहीं, तें आपलें त्या दिवसाचें माप समजावें. समजा तें माप आठ किलो आलें. तर प्रथम त्याच्या निम्म्यानें, म्हणजे चार किलोंनीं, दहा वेळां. मग पाऊणपटीनें, म्हणजे सहा किलोंनीं, दहा वेळां. आणि शेवटीं पुऱ्या आठ किलोंनीं दहा वेळां. कांहीं दिवसांनीं पुन्हां माप घ्यावें. आम्हांस ह्या हिशेबांत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही कीं, सैनिक जखमी होण्यापूर्वीं काय उचलीत होता, हा प्रश्न त्यांत कोठेंहि येत नाहीं. माप आजचें घ्यावयाचें. ज्याचें दुखणें जुनें आहे त्यानें एवढी सावधगिरी अधिक ठेवावी कीं, अगदीं शेवटच्या दमापर्यंत न जातां एकदोन वेळा शिल्लक असतांनाच थांबावें.

घाई कां नको, ह्याचें कारण शरीराच्या रचनेंतच आहे. स्नायूंस रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, त्यामुळें ते कांहीं आठवड्यांत बळावूं लागतात. परंतु स्नायूस हाडाशीं जोडणारी जी दोरी, जिला कंडरा म्हणतात, तिला रक्त थोडें मिळतें व ती सावकाश भरते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनीं असा एक दिवस येतो कीं, दंड म्हणतो, "आणखी दोन किलो चढव," आणि खांद्याची दोरी त्यास तयार नसते. जुनें दुखणें फिरून उलटतें तें फार करून ह्याच दिवशीं. आमच्याकडे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचें व त्याच्या माणिकरावांचें नांव वृद्ध माणसें अजून घेतात. माणिकराव व्यायामाचे आचार्य होते तसेच हाडवैद्यकींतहि प्रसिद्ध होते. हीं दोन्ही ज्ञानें एके ठिकाणीं असणें किती सोयीचें, हें हल्लींच्या आरसे लावलेल्या जिमकडे पाहिलें म्हणजे कळतें. तेथें वजनें पुष्कळ असतात. तुझा खांदा कसा आहे, हें विचारणारा मात्र विरळा.

आतां दुसऱ्या मताकडे, दांतओठ खाऊन उचलण्याच्या मताकडे, वळूं. ३० जुलै २०२२ रोजीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटांत उतरला होता. पानाचें दुकान चालविणाऱ्या गृहस्थाचा हा मुलगा. त्यानें पहिल्या प्रकारांत ११३ व दुसऱ्यांत १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. पुढें १३९ किलो उचलतांना त्याचा उजवा कोपर दुखावला. तशाच हातानें तो तिसऱ्या प्रयत्नास आला, पण वजन पेललें नाहीं. आणि मलेशियाचा खेळाडू २४९ किलो उचलून अवघ्या एका किलोनें पुढें गेला. संकेतला रौप्यपदक मिळालें, व त्यानंतर कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या तिसऱ्या प्रयत्नाची पुष्कळ वाहवा झाली. आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. तसा क्षण आयुष्यांत एखादे वेळींच येतो व त्याचा निर्णय ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. पण मंगळवारच्या संध्याकाळीं, कोणतेंहि पदक समोर नसतांना, एखादा विद्यार्थी सुजलेल्या कोपरानें त्याचें अनुकरण करूं लागला तर आम्ही त्यास शूर म्हणणार नाहीं.

ह्याच्या जोडीस मणिपूरच्या मीराबाई चानूची हकीकत ठेवावी. लहानपणीं डोंगरांतून सरपणाची मोळी वाहणारी ही मुलगी. आमच्या सातपुड्यांतल्या मुलींस तिची ओळख करून द्यावयास नको. एप्रिल २०१८ मध्यें गोल्ड कोस्ट येथें तिनें १९६ किलो उचलून सुवर्णपदक मिळविलें, आणि त्याच वर्षीं कंबरेच्या दुखण्यानें तिला आशियाई स्पर्धा सोडावी लागली. पुढच्या वर्षाच्या आरंभीं थायलंडमध्यें ती परतली, ती १९२ किलो घेऊन. विजयी कन्या चार किलो खालीं उतरून परत आली, आणि त्यांत तिला कमीपणा वाटला नाहीं. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें तिनें २०२ किलोंवर रौप्यपदक मिळविलें. शरीर त्यानंतरहि कुरकुरत राहिलें. २०२३ च्या आशियाई स्पर्धेंत कमरेच्या सांध्याच्या दुखापतीनें तिला पदक हुकलें, तरी २०२४ सालीं पॅरिसला ती १९९ किलो उचलून चौथी आली. दुखणें संपल्यावर ती परतली असें नव्हे. दुखणें बरोबर घेऊन ती चालली.

कधीं कधीं मात्र जुन्या वजनाकडे परतणें शक्यच नसतें. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. ते पुन्हां मुष्टियुद्धाच्या रिंगणांत उतरले नाहींत, उतरणें शक्यहि नव्हतें. उपचार म्हणून सांगितलेलें पोहणें त्यांनीं धरलें, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत जागतिक उच्चांकासह सुवर्णपदक मिळविलें. ज्याच्या गुडघ्यानें बैठका कायमच्या नाकारल्या त्यानें दंड धरावे, किंवा पाण्यांत उतरावें. त्यास माघार म्हणूं नये.

एवढें झालें खेळाडूंविषयीं. परंतु हें लिहीत असतां आमच्या डोळ्यांपुढें मुख्यतः पालक आहेत. दिवाळी आटोपली कीं ह्या जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबें ऊसतोडीस गुजराथेंत जातात. मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, आणि एकदां ती उचल घेतली कीं मोळी उचलावीच लागते. मराठी भाषेनें हे दोन शब्द एका धातूपासून उगाच काढलेले नाहींत. त्या माणसाची कंबर धरली तर "जड उचलूं नकोस" असें त्यास सांगणें म्हणजे उपाशी राहा असें सांगण्यासारखेंच होय. व्यायामाचें वजन कमी करतां येतें, मजुरीचें करतां येत नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालींच अशी शिफारस केली कीं, एका प्रौढ पुरुषास हातानें वाहावयाचें ओझें ५५ किलोंहून अधिक असूं नये. ती शिफारस कागदावर आहे. बाजारांत हमालाच्या पाठीवर काय असतें तें ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. ओझें कमी करण्याचा लढा निराळा आहे व तो लढलाच पाहिजे. तोंपर्यंत, ज्याला हंगामांत मोळी उचलावयाची आहे त्याची कंबर हंगामापूर्वीं दोन-तीन महिने हळूहळू वजनास सरावलेली असणें, हें त्याच्या हातांतलें आहे. पावसाळाभर शेतांत वाकून काम करणें निराळें आणि मोजून, वाढवीत, वजन उचलणें निराळें.

जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीविषयीं जो मार्गदर्शक मजकूर काढला त्यांतहि व्यायाम हा उपचार म्हणून सांगितला आहे. उलट पालकांचे पैसे ज्यावर खर्च होतात ते कमरपट्टे नेहमीच्या उपचारांत देऊं नयेत असें म्हटलें आहे. २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. तेव्हां हें दुखणें कोणा एकाच्या कर्माचें फळ आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

किती दुखलें तर चालेल, असा प्रश्न मुलें नेहमीं विचारतात. उचलतांना थोडी जाणीव झाली आणि ती दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत निवाली, तर वजन तेवढेंच ठेवून चालूं द्यावें. सकाळीं दुखणें काल होतें त्याहून अधिक असेल, तर वजन उतरवावें. परंतु पायास मुंग्या येऊन तो लुळा पडूं लागला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येऊं लागला, किंवा रात्रीं निजूं न देणारी वेदना सुरू झाली, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. तेथें भगताकडे अथवा हाडें बसविणाऱ्याकडे वेळ घालवूं नये. आणि वजन उचलल्यानें मुलांची उंची खुंटते ही भीति पुष्कळ पालकांस वाटते. शिकविणारा जवळ असून वजन बेतानें वाढविलें, तर तसें घडत नाहीं.

आमच्या स्वतःच्या उजव्या खांद्यास व कंबरेस वीस वर्षांपासून अधूनमधून दुखण्याची खोड आहे. चाळिशी उलटल्यावर आम्हीं पुन्हां वजनास हात घातला, तो एक लिटर पाण्याची बाटली घेऊन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ह्याहून स्वस्त व खात्रीचें माप दुकानांत मिळत नाहीं. "सर, एवढीशी बाटली ?" असें एका विद्यार्थिनीनें विचारलें. ती स्वतः रोज पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर आणते, भांड्याचें वजन निराळें. तेव्हां तिचें हंसणें रास्तच होतें. पांच महिन्यांनीं आम्ही सहा किलोंपर्यंत आलों आहों. मध्यें दोन वेळां चारावर उतरलों. खांदा पावसाळी हवेंत अजूनहि कुरकुरतो, पण फळ्याच्या वरच्या ओळींत लिहितांना आतां डाव्या हाताचा आधार लागत नाहीं.

शाळांनीं ह्या बाबतींत आपली रीत बदलली पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या मुलाचा पाय कबड्डींत दुखावला त्यास वर्षभर कवायतीच्या तासाला झाडाखालीं बसवून ठेवण्यांत येतें. त्याचा पाय वाळतो, मित्र तुटतात, आणि पुढील वर्षीं तो आपण होऊनच झाडाखालीं जाऊन बसतो. अशा मुलांमुलींसाठीं कवायतीच्या तासांत निराळी रांग असावी, डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रत्येकाचें माप वहींत लिहावें, आणि त्या वहींत दुसऱ्याच्या मापाशीं तुलना करण्यास जागाच ठेवूं नये.

कळसाडीच्या आसपासच्या ज्या पालकांस स्वतःसाठींहि हें करून पाहावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. डॉक्टरांनीं मना केलेलें असल्यास तसें आधीं सांगावें. वाळू आणि कापूस तोलण्याचा कांटा आम्ही आणूं. पिशव्या मात्र घरून आणाव्या. जुन्या पँटीच्या पायाच्या पिशव्या उत्तम होतात. त्या शिवतांना दुहेरी टीप घालावी, कारण एकेरी टीप पांच किलोंच्या पुढें उसवते.